क्षेत्र आणि शेत

गेल्या आषाढीची वारी करून परत निघालो असता एक वारकरी गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षे फिटरचे काम केले. आता निवृत्त झाले. मुले आपापल्या संसारास लागली. त्यांनी विचारले, "महाराज, शहरातली जागा विकून एखाद्या जुन्या, संतांच्या गावी लहानसे घर घ्यावे आणि उरलेले दिवस नामात घालवावे, असे दोघांच्याही मनात आहे. पण थोरला मुलगा म्हणतो, हे पळून जाणे आहे. तुम्ही सांगा, हे पुण्य की पळ?"

प्रश्न सरळ होता. आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात उभे राहून याहून अवघड प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. पण त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. "सांगतो, पण लिहून सांगतो," एवढेच म्हणालो. कारण असे की, ते गृहस्थ जे करू म्हणतात ते आम्ही स्वतः करून बसलो आहोत. आणि करताना आमच्या हातून एक चूक झाली. ती न सांगता उत्तर देणे म्हणजे तळहाताने खड्डा झाकून वाट दाखविणे होय. तेव्हा वाचक हो, हा लेख उपदेश म्हणून वाचू नये, हिशेब म्हणून वाचावा.

पुण्यात आमची पंचेचाळीस वर्षे गेली. पाठशाळेत व्याकरण आणि थोडा वेदान्त शिकलो तेही तेथेच, आणि कीर्तनास उभे राहिलो तेही तेथेच. पुढे राहता वाडा पाडून इमारत उभी राहावयाची ठरली. चौथ्या मजल्यावर जागा मिळणार होती. आमचे कुटुंब म्हणाले, "आयुष्यभर ज्या गावाचे नाव घेऊन ग्रंथ सांगितला, तेथेच जाऊन का राहू नये?" ते आमच्या मनातलेच होते. सन 2021 च्या दिवाळीनंतर आम्ही नेवाशास बिऱ्हाड हलविले.

नेवाशाचे नाव वारकऱ्यास सांगावयास नको. तरी नव्या वाचकांसाठी चार शब्द. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 पर्यंत ज्याचे नाव अहमदनगर होते त्या जिल्ह्यात, हे तालुक्याचे गाव. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नेवासे फाटा लागतो. तेथून आत वळले की गाव. मधून प्रवरा वाहते. एका काठास नेवासे खुर्द, दुसऱ्या काठास नेवासे बुद्रुक. हीच प्रवरा पुढे प्रवरासंगमास गोदावरीला मिळते. येथे शके 1212 मध्ये, म्हणजे सन 1290 मध्ये, माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबास टेकून त्यांनी ती सांगितली तो पैस खांब आजही उभा आहे. गावात मोहिनीराजाचे देऊळ आहे. आणि या सगळ्याभोवती ऊस, कांदा, सोयाबीन, गहू, हरभरा. गाव क्षेत्राचे आहे, पण पोट शेताचे आहे.

पहिले वर्ष आम्ही हवेत होतो म्हणाना! पहाटे नदीवर जावे, खांबास नमस्कार करून यावे, दहा ओव्या वाचाव्या. घर जुन्या पद्धतीचे मिळाले: ओटा, सोपा, माजघर आणि त्यामागे एक बळद. नव्या पिढीतल्या वाचकांनी बळद पाहिले नसेल. जाड भिंतींच्या पोटात धान्य ठेवण्यासाठी केलेली अंधारी, कोरडी कोठी, तिला बळद म्हणतात. बाहेर कितीही पाऊस पडो, आत ओल शिरत नाही. आम्हांस ते पाहताक्षणी आवडले. आमच्याकडे गुरुजींच्या हातच्या पोथ्या होत्या, पुण्याच्या दमट खोलीत त्यांना बुरशी येई. बळदात फळ्या ठोकल्या आणि पोथ्या लावल्या. व्यवहारही चोख झाला होता. घरधन्याने मागितली ती किंमत आम्ही दिली, घासाघीस केली नाही, खरेदीखत झाले, चतुःसीमा लिहिल्या गेल्या. घरधनी आपल्या कुटुंबासह शेतावरच्या वस्तीवर पत्र्याच्या घरात राहावयास गेले. विहिरीचे कर्ज फिटले, म्हणून तेही समाधानी दिसले.

दुसऱ्या वर्षी, 2022 ची दिवाळी झाल्यावर, ते एके सकाळी आले. ओट्यावरच बसले. चहा घेतला. मग म्हणाले, "महाराज, सोयाबीनचं घरचं बी राखलंय, आठ पोती. वस्तीवर पत्र्याचं घर, कवा गळंल सांगता येत नाही. तुमच्या बळदात ठेवू का? पेरणीला काढून नेतो."

आम्ही विचारात पडलो. पोत्यांबरोबर धूळ येईल, उंदीर येतील. पोथ्या खालच्या फळ्यांवर होत्या. आम्ही अगदी गोड शब्दांत नाही म्हटले. "अहो घरधनी, पोथ्या आहेत हो आत, शंभर-शंभर वर्षांच्या," असे म्हटले. त्यांनी लगेच मान हलविली. "बरोबर हाय महाराज, पोथीपुढं बी काय!" असे म्हणून उठून गेले.

पुढे 2023 च्या एप्रिलात अवकाळी पाऊस झाला. वाऱ्याने वस्तीवरचे दोन पत्रे उचलले. जूनच्या आरंभी घरधनी पुन्हा आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात गोणपाटाची ओली गुंडाळी होती. ती त्यांनी आमच्यापुढे उलगडली. शेतकरी पेरणीपूर्वी बियाण्याची परीक्षा कशी करतो ते आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीने मांडावयाचे, गुंडाळी करून सावलीत ठेवावयाची, ओल राखावयाची, आणि काही दिवसांनी कोंब मोजावयाचे. सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगे. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार नाजूक. पोते आपटले तरी उगवण घटते, मग ओल लागल्यावर काय सांगावे! आम्ही दोघांनी मिळून कोंब मोजले. एकतीस झाले. राहिलेले दाणे मऊ पडून कुजले होते.

"आता?" आम्ही विचारले.

"आता दुकानातून आणायचं. उधारीवर देतो तो."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हांस सोपे गेले असते. ते म्हणाले, "महाराज, तुमी ठेवू दिलं नाही तेच बरं. उंदरानं पोथी खाल्ली असती तर पाप आमच्या माथी आलं असतं." मग हसून, जुनी गोष्ट सांगावी तसे सांगू लागले, "आमी बी ह्या घरात उपरेच की! आमचं गाव धरणात गेलं. मी तव्हा सात-आठ वर्सांचा व्हतो. बाप आमाला घिऊन हितं आला. एक म्हातारी व्हती, एकटी. तिनं सोपा दिला राहायला. पहिल्याच साली म्हणाली, बी बळदात टाक रं, पावसाला काय नेम. पुढं तिच्या माघारी तिच्या भाच्याकडून बापानं घर घेतलं."

हे धरण म्हणजे पैठणचे जायकवाडी. 1965 मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये ते लोकार्पण झाले. त्याच्या जलाशयास आपण नाथसागर म्हणतो, नाथांचे नाव घेतल्याने मन सुखावते. पण त्या पाण्याखाली पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या भागांतली कितीतरी शेते आणि गावे गेली. आम्ही नाथषष्ठीस कितीदा त्या पाण्याच्या काठी उभे राहून हात जोडले असतील! खाली कोणाचे अंगण आहे, हे कधी मनात आले नव्हते.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आमच्या पोथ्या कोरड्या राहिल्या आणि त्यांचे बी भिजले. त्या पोथ्यांत काय लिहिले आहे, ते आम्ही जन्मभर लोकांस सांगत आलो. सर्वांभूती एकच आत्मा पाहावा, दुसऱ्याच्या दुःखाने आपले अंतःकरण द्रवावे. हे ज्या पानांवर लिहिले आहे ती पाने जपण्यासाठी आम्ही एका माणसाची पेरणी बुडविली. खरेदीखताप्रमाणे पाहिले तर आमची काही चूक नाही. घर आमचे, बळद आमचे, नाही म्हणावयाचा अधिकार आमचा. मग झोप का लागू नये?

येथे प्रश्न उभा राहतो तो असा: किंमत दिली की वस्तू आपली झाली, हे खरे, पण ती आपली होण्यापूर्वी तिने ज्यांना आसरा दिला, त्यांचे काय? खरेदीखतात चतुःसीमा असतात. पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता. पण घर गावात कोणाकोणाच्या उपयोगी पडत होते, याची सीमा त्यात लिहिलेली नसते. शहरात घर म्हणजे चार भिंती. तेथे वरच्या मजल्यावर कोण राहतो हेही आपण विचारीत नाही. शेतीच्या गावात घर हे गावाच्या संसारातले एक भांडे आहे. कोणाचे बी तेथे राहते, कोणाची पाभर तेथे टेकवलेली असते, कोणी उन्हात येऊन ओट्यावर टेकतो. आपण ते भांडे विकत घेतो, घासून फडताळात ठेवतो, आणि म्हणतो की गाव किती शांत आहे!

आता शास्त्राकडे पाहू. पूर्वपक्षी म्हणेल, "महाराज, एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? क्षेत्रवासाचे माहात्म्य पुराणांनी गायिले आहे. जो क्षेत्री राहिला तो तरला." खरे आहे. पण तीच शास्त्रे दुसरीही गोष्ट सांगतात. अन्यत्र केलेले पाप क्षेत्री येऊन धुता येते, पण क्षेत्रात बसून केलेले पाप वज्रलेपासारखे चिकटते. यात्रेकरू पाप घेऊन येतो आणि टाकून जातो. राहणाऱ्यास टाकून जावयास जागा नाही. म्हणजे क्षेत्रवास ही सवलत नसून जोखीम आहे.

आणि क्षेत्र या शब्दाकडेच पाहा ना! आम्ही व्याकरणाचे विद्यार्थी. आम्हांस शब्द फोडल्याशिवाय करमत नाही. आपण रोज म्हणतो तो 'शेत' हा शब्द 'क्षेत्र' या शब्दाचाच मुलगा आहे. संस्कृतात क्षेत्र म्हणजे आधी शेत, मग तीर्थाची जागा. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी या शरीरासच क्षेत्र म्हटले. आणि तसे का म्हटले हे सांगताना शंकराचार्यांनी भाष्यात जी कारणे दिली, त्यांतले एक कारण असे की, शेताप्रमाणे येथेही केलेल्या कर्माचे फळ पिकते. पाहा, आचार्यांनाही देह समजाविण्यासाठी शेतातच यावे लागले. क्षेत्र या शब्दाच्या मुळाशी जो 'क्षि' धातू आहे, त्याचे धातुपाठात एके ठिकाणी 'राहणे' आणि 'जाणे' असे दोन अर्थ दिले आहेत, आणि दुसरे ठिकाणी 'झिजणे' असा अर्थ आहे. राहणे, जाणे आणि झिजणे! क्षेत्री राहावयास जाणाऱ्याने हे तिन्ही अर्थ पदरी बांधून न्यावेत. आम्ही राहण्याचा अर्थ तेवढा घेतला होता, झिजण्याचा पुण्यातच ठेवून आलो होतो.

दुसरा पूर्वपक्षी म्हणेल, "मग जाऊच नये. सावता महाराजांनी कोठे गाव सोडले?" सावतोबांचे उदाहरण फार मोठे आहे. अरणचा मळा सोडून ते पंढरीस गेले नाहीत, पांडुरंगच मळ्यात आला, असे आपण कीर्तनात सांगतो. त्यांना शेत हेच क्षेत्र झाले होते. पण सज्जन हो, यावरून जागा बदलू नये असा नियम निघत नाही. माउली स्वतः नेवाशाचे नव्हते. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने ज्यांना दूर ठेवले, शुद्धिपत्रासाठी ज्यांना पैठणास जावे लागले, ती ही चार भावंडे परंपरेप्रमाणे तेथून नेवाशास आली. वय उणेपुरे पंधरा-सोळा. ना घर, ना वतन, ना जात पंक्तीस घेई. त्यांच्यासारखा उपरा त्या गावी दुसरा कोण आला असेल? आणि परंपरा सांगते की, गावात पाऊल टाकताच पहिले काम घडले ते मरणाच्या दारी गेलेल्या सच्चिदानंदबाबांना उठविण्याचे. गावाने त्यांना काय दिले? टेकावयास एक खांब. त्यांनी गावास काय दिले ते तुम्ही जाणताच. आणि दिल्यावर ते तेथे बसून राहिले नाहीत. शके 1218 मध्ये आळंदीस त्यांनी समाधी घेतली. राहणे आणि जाणे हे दोन्ही अर्थ एका धातूत कसे नांदतात, ते येथे दिसते.

त्या पैस खांबावर एक जुना कोरीव लेख आहे. आम्ही तो पुष्कळदा पाहिला होता, पण बियाण्याच्या प्रसंगानंतर त्याचा अर्थ निराळा लागू लागला. त्या लेखात कोणते तत्त्वज्ञान नाही. देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दान दिल्याची ती नोंद आहे. तेल कोठून येते? शेतातून येते. कोणीतरी पेरले, कोणीतरी मळले, कोणीतरी घाण्यावर गाळले, तेव्हा देवळात दिवा जळला. क्षेत्राचा दिवा शेताच्या तेलावर जळतो, हे त्या दगडाने आम्हांस सांगितले; आम्ही मात्र त्या दगडास नमस्कार करून घरी येऊन शेताला दार लावले.

तिसरा आक्षेप मुलाबाळांचा असतो, आणि तो कनवाळूपणाचा असतो. ते म्हणतात, "बाबांनी जन्मभर कष्ट केले. आता त्यांनी विसावा घेऊ नये काय?" अवश्य घ्यावा. पण विसावा शब्द आपणा वारकऱ्यांचा आहे, तो आपल्याच अर्थाने घ्यावा. पालखी विसाव्याला थांबते, तेव्हा वारी संपत नाही. पाणी प्यावे, पाय चोळावे, शेजारच्याच्या पायात काटा असेल तर काढावा, आणि उठावे. कोणाचेही आपल्यावर काही मागणे उरू नये, अशी जी स्थिती शहरातला थकलेला माणूस शोधतो, तिला विसावा म्हणत नाहीत, सुटका म्हणतात. सुटका शेतीच्या गावात मिळत नाही. तेथे विजेच्या पाळीप्रमाणे लोक रात्री दोन वाजता पिकाला पाणी द्यावयास उठतात. ऊस तोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर रात्रभर धावतात. पहिल्या वर्षी त्या आवाजाबद्दल आम्हीही कपाळास आठ्या घातल्या. मग कळले की, ज्या उसावर ही गावे उभी आहेत तो तोडावयास बीडकडून माणसे येतात, पाचटाच्या कोपीत लेकराबाळांसह निम्मे वर्ष राहतात, आणि हंगाम संपला की परत जातात. तीही माणसे दरसाल आपले घर सोडून याच क्षेत्री राहावयास येतात. त्यांच्या राहण्यास क्षेत्रवास कोणी म्हणत नाही.

पूर्वीच्या गावगाड्यात कुळांचे दोन प्रकार असत: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावकीत त्याला मान. उपरी बाहेरून आलेला, ठरावाने जमीन कसणारा, आज आहे उद्या नाही. कायद्याने हे भेद कधीच गेले. पण मनात ते राहतात, आणि आश्चर्य असे की, पैसे देऊन आलेला उपरी स्वतःस दुसऱ्या दिवसापासून मिरासदार समजू लागतो. गावाजवळ लाडमोड नावाची पांढरीची टेकडी आहे. तेथे 1954 पासून पुढे डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने उत्खनन केले. आदिमानवाच्या दगडी हत्यारांपासून सातवाहनांच्या काळापर्यंत एकावर एक वस्तीचे थर मिळाले. त्यांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे होती. आणि त्या घरांच्या जमिनीखाली, मडक्याला मडके जोडून, त्यांत पुरलेली लहान मुले. आपले मेलेले मूल गावाबाहेर न नेता ज्या माणसांनी आपल्याच घराच्या जमिनीत ठेवले, त्यांची मिरास केवढी म्हणावी! तीही माणसे गेली. मग दुसरी आली. धरणातून आमचे घरधनी आले, आणि पुण्याहून आम्ही आलो. पाहू गेले तर या मातीवर सगळेच उपरी. मालकी कोणाचीच टिकली नाही. टिकले ते एवढेच की, आधीच्याने नंतरच्यास जागा दिली. ती म्हातारी, जिचे नावही आम्हांस ठाऊक नाही, तिने परक्याच्या बियाण्यास बळद उघडून दिले. त्या घराची खरी मिरास ती होती. किंमत मोजून आम्ही भिंती घेतल्या, मिरास मात्र नाकारली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीवर गेलो. बियाण्याचे पैसे देऊ केले. घरधन्यांनी घेतले नाहीत. पुष्कळ आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "पैशाचं राहू द्या महाराज. पुढल्या साली बळद द्या." आम्ही घरी येऊन त्याच दिवशी पोथ्या बळदातून काढल्या. माजघरात एक लोखंडी कपाट घेतले, त्यात लावल्या. 2023 ची दिवाळी झाली आणि बियाण्याची पोती आली. प्रथम त्यांची सहा, मग त्यांच्या भावकीतल्या दोघांची नऊ. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर, चारपेक्षा जास्त थर न लावता कशी रचावी, हे आम्ही या वयात शिकलो. खोटे कशास सांगावे, उंदीर आलेच. कपाटाचे दार एकदा उघडे राहिले, आणि एका पोथीचा कोपरा त्यांनी कुरतडला. वाईट वाटले. गुरुजींचे हस्ताक्षर होते. पण तोच अध्याय आम्हांस पाठ आहे. आणि जे पाठ आहे ते बळदात ठेवावे लागत नाही. बी मात्र पाठ करता येत नाही, ते कोरडेच ठेवावे लागते.

तर पिंपरीचे गृहस्थ, आता तुमचे उत्तर. पुण्य की पळ, हे तुमच्या जाण्यावरून ठरणार नाही. गेल्यावर पहिल्यांदा कोणी दार वाजवील, तेव्हा काय म्हणाल यावरून ठरेल. शहर सोडण्यात पाप नाही. शहरातही माणसे आहेत, त्यांना सोडून जाताना मुलास वाईट वाटते, त्याचेही खोटे नाही. त्यास जवळ बसवून नीट सांगा. जाणार असाल तर एक पावसाळा आणि एक हिवाळा भाड्याने राहा. घर घेण्यापूर्वी विकणाऱ्यास नुसती किंमत विचारू नका. हे घर आजवर कोणाकोणाच्या उपयोगी पडत आले, हे विचारा, आणि ते पुढे चालविणे आपल्याच्याने होईल का, हे मनास विचारा. होणार नसेल तर भाड्यानेच राहा, त्यात कमीपणा नाही. आणि गावास शहाणपण शिकवावयास जाऊ नका. आम्ही ती हौस केली आहे, तिचा उपयोग होत नाही.

आणखी एक. तुम्ही जन्मभर फिटर होता. येथे ऐन पाण्याच्या पाळीस पाण्याची मोटार बंद पडली की, शेतकरी ती डोक्यावर घेऊन तालुका धुंडतो आणि दोन दिवस पीक वाळते. टाळ आणि माळ तुम्ही आणालच, ते सांगावयास नको. पण सामान बांधताना पान्यांची पेटी भंगारात देऊ नका. ती वर ठेवा, हाताशी येईल अशी.

आमच्या बळदातून सध्या सोयाबीनचा वास येतो. पहाटे पोथी उघडली की तो वास पानांपर्यंत येतो. पहिल्या वर्षी आम्ही उदबत्ती लावून तो घालविला असता. आता तसाच राहू देतो.

रामकृष्णहरि.